टेस्ट सगळ्या पास, तरी गिऱ्हाईकाचं तोंड वाकडंच

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की सॉफ्टवेअरचा टेस्ट रिपोर्ट हिरवागार असला, म्हणजे सगळ्या टेस्ट पास झाल्या, म्हणून गिऱ्हाईक खूश आहे असं धरून चालू नका. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय, लॅपटॉप कुठला घेऊ वाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा. नावं छापत नाहीये, निम्म्या लोकांनी मॅनेजरला कळेल म्हणून नको सांगितलंय आणि उरलेल्यांनी सांगायला हवं होतं.

प्रश्न: ताई, मी पाच वर्षं टेस्टर आहे, राहायला मुलुंड, ऑफिस कांजूरला. आमच्या टीमने एका क्लायंटसाठी गोडाऊनमधला माल आत-बाहेर नोंदवायचं अ‍ॅप केलं. 612 टेस्ट केस, म्हणजे एकेक तपासायची गोष्ट, सगळ्या पास, एकही मोठा बग उघडा नाही, रिग्रेशन, म्हणजे बदलांनंतरची फेरतपासणी, दोनदा झालं, गो-लाइव्हला, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू झाला तेव्हा, केकपण कापला. तीन आठवड्यांनी क्लायंटचा मेल, भिवंडीच्या गोडाऊनमधली माणसं परत वहीवर लिहायला लागली, अ‍ॅप नको म्हणतात. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले, तू टेस्ट काय केलंस मग? मी रिपोर्ट दाखवला, म्हटलं बग असेल तर दाखवा, तर बग कोणालाच दाखवता येईना. नक्की चुकलं कोणाचं?

उत्तर: अरे, केक कापलास ते बरंच केलंस, या धंद्यात तेवढाच काय तो आनंद. आता मला सांग, त्या 612 केस तू कशावरून लिहिल्यास? रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटवरून. ते लिहिलं कोणी? बीएने, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते विचारून लिहून घेणाऱ्या बिझनेस अॅनालिस्टने. बीए बोलला कोणाशी? क्लायंटच्या हेड ऑफिसमधल्या कोणातरी साहेबांशी, एसी मीटिंग रूममध्ये. आणि त्या साहेबांनी शेवटचा बॉक्स कधी उचलला होता? लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो ना, पहिल्याने सांगायचं ‘आजीच्या घरी आंबे’ आणि शेवटच्याच्या कानात पोचायचं काहीतरी भलतंच, तसं झालंय. तुझ्या टेस्टने एवढंच तपासलं की शेवटच्या कानात जे पोचलं ते तसंच्या तसं बांधलंय की नाही. बांधलं होतं, म्हणून पास.

तू आयएसटीक्यूबीची, म्हणजे टेस्टर लोकांच्या सर्टिफिकेटची, परीक्षा दिली असशीलच. त्यात टेस्टिंगची सात तत्त्वं पाठ करायला लावतात आणि त्यातलं शेवटचं आहे ‘ऍबसेन्स ऑफ डिफेक्ट्स फॅलसी’ (पूर्वी ‘ऍबसेन्स ऑफ एरर्स’ म्हणायचे), म्हणजे चुका सापडल्या नाहीत म्हणून सॉफ्टवेअर कामाचं आहे हा गैरसमज. आपण सगळे तिथे बरोबर पर्यायावर टिक करतो, सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकतो आणि सोमवारी ऑफिसला जाऊन तोच गैरसमज नव्याने करतो. व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशनचा फरकसुद्धा हाच. बॅरी बोएम नावाच्या अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञाने तो फार सोपा करून सांगितलाय, पहिल्यात विचारायचं की आपण वस्तू बरोबर बनवतोय का, आणि दुसऱ्यात विचारायचं की बरोबर वस्तू बनवतोय का. तुमच्याकडे पहिल्याला अख्खी टीम होती, दुसऱ्याला कोणीच नव्हतं असं दिसतंय.

तुला नुसतं भाषण नको म्हणून माझीच फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलचं केसपेपर काढायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे टेस्टिंगला होतं. त्यात एक नियम होता, एकाच पेशंटचे दोन केसपेपर निघता कामा नयेत, म्हणून नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळलं की सिस्टीम अडवणार, ‘पेशंट आधीच नोंदलेला आहे’. मी स्वतः बसून केलेलं ते, नाव तेच पण तारीख वेगळी, सोडलं, तारीख तीच पण नाव वेगळं, सोडलं, तिन्ही तेच, अडवलं. पास, पास, पास. चौथ्या दिवशी खिडकीवर बोंबाबोंब. तू गावाकडचा असशील तर ओळखलंच असशील. आपल्याकडे एका पिढीतले किती जण कागदोपत्री 1 जूनला जन्मलेत! शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसायची, मग गुरुजी 1 जून ठोकून द्यायचे, वय भरलं आणि प्रवेश झाला. त्यात आडनावं पाटील, जाधव, शिंदे, नावं सुनीता, मंगल, शोभा, वर्षपण आगेमागे एकच. खिडकीवर उभी असलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉस्पिटलात आलेली, आणि कॉम्प्युटर तिला सांगतोय की तू आधीच इथे आहेस.

आणि पुढे जे झालं ना, ते जास्त वाईट. खिडकीवरच्या बाईने बग नोंदवला नाही, तिला वेळ कुठे होता, मागे तीस माणसं उभी. तिने तारीख 2 जून टाकली. पुढचीला 3 जून. सिस्टीम गप्प, रांग पुढे सरकली, सगळे खूश. महिन्याभराने आम्ही डेटा काढला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्यांची ही लाट! आणि तेच पेशंट दुसऱ्यांदा आले तेव्हा स्वतःची कागदावरची तारीख सांगत होते, जुना केसपेपर सापडत नव्हता, मग नवा निघत होता. म्हणजे जे होऊ नये म्हणून तो नियम घातला होता नेमकं तेच, त्या नियमामुळेच. सॉफ्टवेअरमध्ये बग एक नव्हता. मागितलं तसंच ते वागत होतं. माझा टेस्ट डेटा काय होता विचारशील, तर ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ आणि माझ्या भाचीची जन्मतारीख. मी स्वतः साताऱ्याची, माझ्या वडिलांचा वाढदिवस 1 जून, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ऑफिसात शिरताना आपण आपलं घर बाहेर ठेवून येतो की काय कोण जाणे.

तर तू असं कर, मॅनेजरला सांगून भिवंडीला जा. लॅपटॉप नेऊ नकोस, अ‍ॅप शिकवायला तर मुळीच जाऊ नकोस, नुसता गाडी खाली होताना दोन तास उभा राहा आणि ती वही मागून घे. वहीत बघ एका ओळीत काय काय मावतंय. ‘सकाळची गाडी, 40 बॉक्स, 2 फुटले, ड्रायव्हरला सांगितलं’, हे एवढं एका ओळीत, आता यातलं ‘2 फुटले’ तुमच्या अ‍ॅपमध्ये कुठे लिहायचं? आणि ‘ड्रायव्हरला सांगितलं’ कुठे? पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क येतं का, तीन माणसांत फोन एक आहे का, हातात ग्लोव्ह्ज असतात का, हेही बघून ये. आणि वेळ लाव. समजा डॉक्युमेंटमध्ये लिहिलं होतं की स्क्रीन पाच सेकंदांत उघडली पाहिजे आणि ती उघडते चार-पाच सेकंदांत, म्हणजे पास. पण प्रत्येक बॉक्सला जर नवी स्क्रीन असेल तर 40 बॉक्सला 200 सेकंद झाले, तीन मिनिटांच्या वर नुसतं गोल फिरणारं चक्र बघायचं, आणि मागे दुसरी गाडी हॉर्न मारतेय. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने 1993 मध्येच लिहून ठेवलंय की एका सेकंदापर्यंत माणसाची तंद्री तुटत नाही आणि दहा सेकंदांच्या पुढे त्याचं लक्षच उडतं. वहीला लोडिंग नसतं रे.

चुकलं कोणाचं हे विचारलंयस म्हणून सांगते. मोठी चूक त्यांची ज्यांनी सहा महिन्यांत एकाही माणसाला गोडाऊन दाखवलं नाही. पण थोडी तुझीपण आहे. पाच वर्षांच्या टेस्टरने पहिल्या मीटिंगला हात वर करून विचारायचं असतं, हे वापरणार कोण आणि कुठे उभं राहून. विचारूनही कोणी ऐकलं नसेल तर तो मेल शोधून ठेव, पुढच्या मीटिंगला लागेल.

प्रश्न: ताई नमस्कार. लालबागला माझं फरसाण-चिवड्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मुलगा मागे लागला म्हणून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, काटापण त्यालाच जोडला. दिवाळीच्या आधी बसवलं आणि ऐन दिवाळीत बंद करून ठेवलं, गर्दीत बिलं निघेनात, गिऱ्हाईकं भांडायला लागली. कंपनीवाला म्हणतो आम्ही सगळं टेस्टिंग करून दिलंय आणि तुमची सही आहे. सही केली हे खरं आहे. तो दुपारी आला, चार बिलं काढून दाखवली, चारही बरोबर होती, केली सही. आता पैसे परत मागू का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचलं आणि मी राहायला परळला, म्हटलं पत्राला पत्राने उत्तर कशाला, चालत जाऊन येऊ. गेल्या शनिवारी संध्याकाळी अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन तुमच्या मुलाशी तासभर बोलत बसलेली बाई ती मीच. तुम्ही गल्ल्यावर होतात, ओळख दिली नाही कारण मालक समोर आला की पोरं वेगळं वागतात.

मुलाने सॉफ्टवेअर चालू करून दाखवलं आणि पाच मिनिटांत कळलं काय झालं असेल ते. पहिलंच गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, ‘पन्नासचा भाजका चिवडा द्या’. दुसरं म्हणालं, ‘वीसची शेव’. तासाभरात वजनात बोलणारे कमी आणि रुपयांत बोलणारे जास्त. तुमचं सॉफ्टवेअर वजन घेतं आणि पैसे सांगतं. पैसे सांगितले तर वजन सांगत नाही. चिवडा 320 रुपये किलो, पन्नासचा म्हणजे 156 ग्रॅम, हे काउंटरवरचा पोरगा अंदाजाने टाकतो, त्याचा हात बसलाय, काटा दाखवतो 0.156, इथपर्यंत सगळं छान. पण बिलात वजन दोनच आकडी जातं, म्हणजे 0.16, आणि बिल येतं 51 रुपये 20 पैसे. गिऱ्हाईकाच्या हातात पन्नासची नोट. मग पोरगा चिमूटभर चिवडा काढतो, 0.15 होतं, बिल 48. आता गिऱ्हाईक म्हणतं मी पन्नासचा मागितला होता, दोन रुपयांचा कुठे गेला? हे सगळं होईपर्यंत मागे सहा माणसं. आणि पोराच्या बोटाला तेल, टचस्क्रीनला ते तेल आवडत नाही, तो तीनदा दाबतो तेव्हा एकदा लागतं.

कंपनीवाल्याने दुपारी जी चार बिलं दाखवली ती कुठली असणार, पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. 320 ने गुणून बघा, 80, 160, 320, 640, पैसासुद्धा इकडचा तिकडे नाही. तो खोटं बोलत नाहीये. त्याने त्याच्या गणिताची परीक्षा घेतली, तुमच्या दुकानाची नाही घेतली.

या सही करण्याला त्यांच्या भाषेत यूएटी म्हणतात, युजर ऍक्सेप्टन्स टेस्टिंग, म्हणजे जो वापरणार त्याने वापरून बघायचं आणि चालेल म्हणायचं. तुमच्याकडे वापरणारे काउंटरवरचे दोघं. सही केली मालकाने, दुपारी तीनला, दुकान रिकामं असताना. मोठमोठ्या कंपन्यांतही असंच होतं हो, वाईट वाटून घेऊ नका, तिथे तर ज्यांनी स्क्रीन उघडूनही बघितलेली नसते असे लोक साइन-ऑफ देतात कारण शुक्रवारपर्यंत द्यायचा असतो.

यावरून तुमच्याच फुटपाथवरची एक गोष्ट. यूपीआय 2016 ला आलं, पैसे सेकंदात जायचे, मेसेज यायचा, तांत्रिकदृष्ट्या सगळं पास. पण वडापाववाल्याचा एक हात पिठात आणि एक झाऱ्यावर, तो दर गिऱ्हाईकामागे फोन काढून मेसेज बघणार कसा? त्यात काही महाभाग जुना स्क्रीनशॉट दाखवून वडापाव खाऊन जायचे. मग आला तो बोलणारा स्पीकर, आता प्रत्येक गाडीवर दिसतो, ‘तीस रुपये प्राप्त झाले’ वगैरे ओरडतो. पैसे पाठवायची पद्धत तीच राहिली, फक्त ‘आले’ हे त्याच्या कानापर्यंत पोचायला लागलं. कोणीतरी गाडीपाशी उभं राहून बघितल्याशिवाय असली वस्तू सुचत नाही, ऑफिसात बसून लिहिलेल्या टेस्ट केसमध्ये तेलाचे हात नसतातच.

पैसे एवढ्यात परत मागू नका. कंपनीला लेखी तीन गोष्टी सांगा, रुपये टाकले की ग्रॅम दिसले पाहिजेत, वजन तीन आकडी गेलं पाहिजे आणि नेहमीच्या दहा पदार्थांना मोठं बटण हवं, कीबोर्डचं, टचचं नको. हे झालं की एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा माणूस काउंटरच्या आत उभा करा, तुमच्या गिऱ्हाइकांना सामोरा जाऊ दे, आणि मग तुमच्या पोरांना विचारून सही करा. हे करायला नकार दिला तर खुशाल भांडा. आणि पुढच्या वेळी काहीही घ्याल तर शेवटचा हप्ता महिनाभर वापरल्यावर देईन असं आधीच ठरवा, मग बघा टेस्टिंग कसं सुधारतं. चिवडा छान होता, शेंगदाणे जरा जास्त भाजले गेलेत या घाण्यात.

प्रश्न: मी बोरिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी, 84 फ्लॅट. दोन वर्षांपूर्वी मेंटेनन्स भरायला अ‍ॅप आणलं. पैसे बरोबर जातात, पावती लगेच येते, हिशोबात एक रुपयाची चूक नाही, ऑडिटरने कौतुक केलं. तरी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, सगळ्यांनी अ‍ॅपलाच धोपटलं, त्यातही ज्येष्ठ मंडळी जास्त. कारण विचारलं तर धड कोणी सांगत नाही, ‘पूर्वी बरं होतं’ म्हणतात. पूर्वी तर चेक हरवायचे!

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, पहिल्यांदा तुम्हाला नमस्कार, सोसायटीचं काम करणाऱ्या माणसाचे आभार कोणी मानत नाही म्हणून मी मानते.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नळात आहे. सकाळी पाणी आलं म्हणून आजवर कोणी तुम्हाला फोन केलाय का, वा काय पाणी आलं? नाही. आणि एक दिवस नाही आलं तर? नोरिआकी कानो नावाच्या जपानी प्राध्यापकांनी 1984 मध्ये हेच मांडलं. काही गुण असे असतात की नसले तर माणूस भडकतो पण असले तर त्याला काहीच वाटत नाही, ते गृहीतच असतात. काही असे की जेवढे जास्त तेवढा आनंद जास्त. आणि काही असे की नसले तर कोणाच्या लक्षातही येत नाही पण मिळाले तर माणूस हरखून जातो. पैसे बरोबर कापले जाणं, पावती येणं, हिशोब जुळणं हे सगळं पहिल्या खात्यातलं, नळाचं पाणी. आणि टेस्टिंग बहुतेक करून या पहिल्या खात्याचंच होतं, कारण तेच कागदावर लिहिता येतं. त्यामुळे शंभर टक्के पास झालात तरी लोकांच्या लेखी तुम्ही शून्यावर येता, वर नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला तुम्ही मेलला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सापडलं, तुमचं लक्ष गेलं नसेल. महिन्याच्या एक तारखेला, रात्री बारा वाजून एक मिनिटाने मेसेज, लाल अक्षरात, ‘आपण थकबाकीदार आहात’. अहो! जो माणूस तीस वर्षं पेन्शन जमा झाली की दहा तारखेच्या आत न चुकता चेक देत आला, त्याला मध्यरात्री तुम्ही थकबाकीदार म्हणताय? कंपनीने टेस्ट केलं असणार की ड्यू डेट लागली की रिमाइंडर जातो का. जातो. पास. पण पूर्वी तुमचा ऑफिसमधला माणूस काय म्हणायचा आठवा, ‘काका, या महिन्याचं राहिलंय बहुतेक, सवडीने द्या’. लोकांना बहुधा चेक नकोयत, त्यांना तो ‘काका’ हवाय.

वाक्य बदला, रंग बदला, मेसेज सकाळी दहाला आणि पाच तारखेनंतर जाऊ द्या, कंपनीला हे करायला दोन तास लागतील, त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आणि कागदी पावती हवी असणाऱ्यांची यादी करून महिन्याला प्रिंट वॉचमनकडे ठेवा. पुढच्या एजीएमला अ‍ॅपवर बोलायला कोणाला वेळ मिळणार नाही, पार्किंगवर भांडतील.

प्रश्न: अंधेरीत आमचं छोटं स्टार्टअप आहे. तुमचं मागच्या वेळचं वाक्य वाचून पार्टनर म्हणाला, टेस्ट पास होऊनही लोक नाराजच राहणार असतील तर टेस्टिंगवर पैसे कशाला, सरळ लाँच करू, लोक सांगतीलच काय चुकलं ते. पटत नाही पण उत्तर सुचत नाही.

उत्तर: पार्टनरला सांगा, परीक्षेत पास होऊन नोकरीची खात्री नाही म्हणून दहावीला बसायचंच नाही असं झालं हे. आणि लोक सांगत नाहीत हो, वर ती खिडकीवरची बाई बघितलीत ना, लोक 2 जून टाकतात आणि पुढे जातात. नाहीतर अ‍ॅप काढून टाकतात.

डायक्स्ट्रा नावाचा डच कॉम्प्युटर शास्त्रज्ञ सांगून गेलाय की टेस्टिंग चुका आहेत हे दाखवू शकतं, नाहीत हे दाखवू शकत नाही. पण ज्या आहेत त्या तरी दिसू देत की! टेस्टिंग लागतंच, फक्त त्यात कशाची परीक्षा होते आणि कशाची राहून जाते हे माहीत हवं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल 5 उघडलं 27 मार्च 2008 ला. त्याआधी महिनोन्‌महिने चाचण्या झाल्या होत्या, हजारो सामान्य माणसांना खोटे प्रवासी बनवून बॅगांसकट फिरवलं होतं. पहिल्या दिवशी झालं काय, तर कामावर येणाऱ्या लोकांना गाडी लावायला जागा मिळेना, आले ते सिस्टीमला लॉगिन होईना, आणि गंमत म्हणजे टेस्टिंगच्या वेळचे खोटे मेसेज बाहेर जाऊ नयेत म्हणून जी गाळणी लावली होती ती काढायची राहून गेली, त्यामुळे दुसऱ्या विमानांतून आलेल्या बॅगांचे खरे मेसेजही अडले. पुढच्या काही दिवसांत पाचशेहून जास्त फ्लाइट रद्द. बॅगा वाहणारा पट्टा तपासलेला होता, पण सकाळी चारला कामावर येणारा माणूस गाडी कुठे लावणार हे त्या पट्ट्याच्या टेस्टमध्ये कसं येणार?

दुसरं टोक बघायचं तर विंडोज 8. 2012 ला आलं, कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब. ते काही बिघडलं नव्हतं, ठरवून काढलेलं, म्हणजे टेस्टरच्या दृष्टीने बटण नसणं हेच बरोबर, असतं तर बग. लोक मात्र बटण शोधत बसले. वर्षभरात 8.1 मध्ये बटण परत आलं आणि 2015 ला विंडोज 10 मध्ये मेनूसुद्धा.

तर हीथ्रोला तपासायचं राहिलं होतं आणि विंडोजला तपासूनही कळलं नसतं, कारण प्रश्नच दुसरा होता. तुम्ही छोटे आहात, हा तुमचा फायदा आहे, अंधेरी स्टेशनबाहेर पाच अनोळखी माणसांच्या हातात फोन द्या, चहा पाजा आणि तोंड बंद ठेवून बघा. तोंड बंद ठेवणं सगळ्यात कठीण, तिसऱ्या सेकंदाला आपण ‘इथे दाबा ना’ म्हणतोच.

प्रश्न: गिरगावहून लिहितेय. मुलगा टेस्टर आहे. रोज सांगतो आई आज सगळं पास झालं, आणि रात्री दोनला फोन येतो, उठून बसतो. पास झालं तर फोन का येतो? आणि शेजारच्या बाई विचारतात की तुमचा मुलगा सॉफ्टवेअर बनवतो की नुसतं तपासतो. काय सांगू?

उत्तर: वहिनी, तुम्ही पुरणपोळी करता तेव्हा पुरण चाखून बघता ना? गोड बरोबर आहे, वेलची आहे, शिजलंय, म्हणजे पास. आणि पंगतीत जावईबापू म्हणतात मला गुळाची नको होती, साखरेची आवडते. पुरणात काही चूक नाही, पण परत चुलीपाशी तुम्हीच जाणार. रात्री दोनचा फोन बहुतेक तसलाच असतो, आणि बऱ्याचदा जावई अमेरिकेत असतात, तिथे तेव्हा दुपार असते.

शेजारच्या बाईंना सांगा, तो तपासतो म्हणून तुमचा गॅस बुक होतो. आणि मुलाला सांगा की त्याच्या ऑफिसने केलेलं एखादं अ‍ॅप तुमच्या फोनवर टाकून तुमच्या हातात दे आणि दहा मिनिटं समोर गप्प बसून राहा. तुम्ही कुठे अडलात ते त्याने लिहून न्यावं. चष्मा मात्र लावू नका, तो लांबच ठेवा.